रॅचेटची टिकटिक: आवाज करतो तो कुत्ता धरत नसतो

नमस्कार मंडळी.

ट्रकवरचा माल आवळायच्या पट्ट्याचा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून एक प्रश्न सारखा येतोय. "दादा, हँडल ओढलं तरी टिकटिक, परत आणलं तरी टिकटिक. मग रॅचेट एकाच दिशेने फिरतं म्हणता ते कसं?" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर एका ओळीत लिहून भागणार नाही, म्हणून आज हाच विषय.

मूळ गोष्ट पटकन सांगतो, बऱ्याच जणांना माहीत असेल. चाकाला तिरपे दात. दाताची एक बाजू उतरती, दुसरी उभी. शेजारी स्प्रिंगने दाबलेली एक खिटी. चाक एका बाजूला फिरलं की खिटी उतारावरून घसरत पुढच्या खाचेत पडते. उलटं फिरायला गेलं की उभ्या बाजूला अडते. झालं रॅचेट. सायकलच्या दुकानात या खिटीला कुत्ता म्हणतात, मीही तेच म्हणणार.

आणि हो, "रॅचेट म्हणजे गिअरच ना?" असं विचारणाऱ्यांसाठी: नाही. गिअरचं चाक दोन्ही बाजूंना फिरतं आणि दोन्ही बाजूंना जोर पोचवतं. रॅचेट एका बाजूला मोकळं सोडतं, दुसऱ्या बाजूला अडवतं. दात दिसले म्हणजे गिअर असं नसतं. उलट चाकही लागतंच असं नाही. वायर बांधायची प्लास्टिकची केबल टाय घ्या. दात सरळ पट्टीवर, कुत्ता तिच्या डोक्यात. तेही रॅचेटच.

आता आवाज. इथे नीट लक्ष द्या, कारण निम्मा गोंधळ इथेच आहे. टिक हा आवाज कुत्ता दातावरून घसरून खाचेत पडल्याचा असतो. म्हणजे टिकटिक चालू आहे तोवर तो कुत्ता काहीच धरत नाहीये. धरतो तेव्हा तो गप्प असतो.

सायकलवर बघा. पायडल मारताय तेव्हा फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं, साखळी ज्यावर चढते ते चक्र) शांत. बाहेरच्या कड्याचे दात आतल्या कुत्त्यांना ढकलतायत आणि कुत्ते चाकाला. उतारावर पाय थांबवले की टिर्रर्र सुरू, कारण चाक पुढे पळतंय, कडं थांबलंय आणि कुत्ते नुसते दातांवरून उड्या मारतायत.

मी नववीत असताना शाळेतून येताना पायडल एकदम हलकं झालं. पुढे मारा, मागे मारा, चाक जागेवरच. सात किलोमीटर सायकल ढकलत आणली. दुकानातल्या काकांनी चाक उचललं, पायडल उलटं फिरवलं आणि कान लावला. आवाजच नाही. म्हणाले, "कुत्ते चिकटले." जुनं तेल आणि धूळ मिळून असा चिकटा झाला होता की स्प्रिंग त्यांना वर उचलू शकत नव्हती. त्यांनी रॉकेलने फ्रीव्हील धुतलं, पातळ तेलाचे चार थेंब सोडले, पुन्हा पायडल उलटं फिरवलं. टिर्रर्र. तो आवाज ऐकून झालेला आनंद मला अजून आठवतो. म्हणून सांगतो, फ्रीव्हीलमध्ये घट्ट ग्रीस कोंबू नका.

दुसरी बाजू, कारचा हँडब्रेक. वर ओढताना टकटक येते, तेव्हा कुत्ता एकेक दात ओलांडतोय. हात सोडला की आवाज बंद, आणि गाडी घाटात उभी राहते ती त्या गप्प कुत्त्यावर. टोकाचं बटण दाबता तेव्हा तुम्ही त्याला दातावरून उचलता.

आता पट्टा. त्यात कुत्ते दोन असतात! एक हँडलवर, एक चौकटीवर. हँडल ओढता तेव्हा हँडलवरचा कुत्ता चाकाला धरून फिरवतो, तो गप्प. टिकटिक करतो तो चौकटीवरचा. हँडल परत आणता तेव्हा पट्ट्याचा सगळा ताण चौकटीवरच्या कुत्त्याने धरलेला असतो, आता तो गप्प. आणि हँडलवरचा टिकटिकत मागे येतो. आवाज दोन्ही वेळा, पण दर वेळी वेगळ्या कुत्त्याचा. चाक मात्र एकाच दिशेने फिरलं. भुंकणारा कुत्रा चावत नाही, ही म्हण इथे शब्दशः खरी आहे.

याच कारणासाठी एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. गोटी पान्याच्या रॅचेट हँडलला पाइप लावून गंजलेला बोल्ट सोडवणं. अरे, बहात्तर दातांचं हँडल म्हणजे ३६० भागिले ७२, पाच अंशाला एक दात. अडचणीच्या जागी, जिथे हात जेमतेम हलतो, तिथे हे वरदान आहे. पण दात जितके जास्त तितके ते बारीक, आणि तुमचा पाइपचा सगळा जोर त्यातल्या मोजक्याच दातांवर येतो. दात तुटला की हँडल निसटतं आणि बोटं फुटतात. माझ्या अंगठ्यावर ही खूण आहे, दिसतेय? पहिला झटका साध्या टी हँडलने किंवा लांब दांड्याने द्या. बोल्ट सैल झाला की मग रॅचेट लावा. आणि टॉर्क रेंचची "टक" वेगळी. ती ठरवलेला जोर आला हे सांगते, ती कुत्त्याची नाही.

एका ताईंनी विचारलंय की "रॅचेट इफेक्ट" हा शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकात कसा आला. जेम्स ड्युझेनबेरी या अर्थतज्ज्ञाने १९४९ मध्ये मांडलं की कमाई वाढली की घरखर्च वाढतो, पण कमाई घटली तर तो तितक्या सहज खाली येत नाही. वर सरकतं, खाली अडतं, म्हणून तो शब्द. आणि तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्येही रॅचेट आहे. ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१३ मध्ये बनवलेली "डबल रॅचेट" पद्धत तिथे वापरतात. प्रत्येक संदेशाला नवी किल्ली, ती आधीच्या टप्प्यातून पुढे काढलेली, पण हिशोब उलटा चालवून मागे जाता येत नाही. आजची किल्ली चोरली तरी कालचा संदेश तिने उघडत नाही. धातूचा तुकडाही नाही, तरी शब्द चपखल बसलाय.

जाता जाता, फ्रीव्हील उघडणाऱ्यांसाठी. वरच्या झाकणाला उलटे आटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतं. आधी खाली ताट ठेवा. झाकण निघालं की बारीक छर्रे सगळीकडे पळतात आणि एकही हरवून चालत नाही.