भाकरीच्या पिठाचा पाव

(दृश्य: ओट्यावर दोन पराती. एकीत कणकेचा गोळा, दुसरीत ज्वारीच्या पिठाचा.)

कणकेचा गोळा दोन्ही हातांनी ताणला तर लांबतो, सोडला तर मागे येतो. ज्वारीचा गोळा ताणला की तुटतो.

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी घालून पीठ मळलं की त्यांची चिवट जाळी तयार होते. तेच ग्लुटेन. यीस्टमधून सुटणारा वायू त्या जाळीत अडकतो आणि पाव फुगतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, यातल्या कुठल्याच पिठात ही जाळी होत नाही. कितीही मळा, होत नाही. तेव्हा वायू धरून ठेवायचं काम दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावं लागतं.

ज्यांना सिलिअॅक हा आजार आहे, त्यांच्या दृष्टीने हा आवडीनिवडीचा विषय नाही. त्यांच्या पोटात ग्लुटेन गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अन्नातलं लोह, कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. काही मुलांची वाढ खुंटते. विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध १९५० च्या आपल्या प्रबंधात मांडला. तेव्हापासून उपचार एकच आहे : गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) आयुष्यभर पूर्ण बंद. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. शंका आली म्हणून आपल्या मनाने गहू बंद करू नका, आधी डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्या. गहू बंद केल्यावर रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज), ज्यांवरून हा आजार ओळखतात, कमी होत जातात आणि आजार असूनही तपासणीत दिसत नाही.

(दृश्य: गिरणी. हॉपरमधून गहू पडतो आहे. शेजारी ज्वारीचा डबा रांगेत.)

पहिली चूक स्वयंपाकघराच्या बाहेरच होते. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळलेले असतात. जात्याच्या पाळ्यांत आणि पिठाच्या पिशवीत राहिलेलं ते पीठ तुमच्या ज्वारीत उतरतं. भारतात पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं असेल तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. २० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरही न होणारी मात्रा. गिरणीवाल्याने कितीही मनापासून झाडून दिलं तरी इतकी स्वच्छता होत नाही. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू कधीच दळत नसाल तर उत्तम. नाहीतर ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेलंच पीठ विकत आणा.

घरातही डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. पिठाची चाळणी वेगळी, लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं. चाळणीच्या जाळीत अडकलेली कणीक कितीही धुतली तरी पुरती निघत नाही. बाजारातल्या बऱ्याच बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं. सातूच्या पिठात आणि थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू पडतोच. रवा, दलिया आणि शेवया म्हणजे गहूच, हे पाहुण्यांकडे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ओट्समध्ये मुळात गहू नाही, पण शेतात आणि कारखान्यात तो मिसळतो. आणि ओव्हनच्या आचेने ग्लुटेन ‘मरत’ नाही. जो ट्रे गव्हाच्या खारीला वापरला, तोच न घासता इथे चालणार नाही.

(दृश्य: भाकरी थापली जाते आहे. कड तुटते. हात पाणी लावून ती जुळवतात.)

आता पीठ. जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी गेलेली असते, हे भाकरी करणाऱ्या प्रत्येक हाताला माहीत आहे. थापताना कड फाटते, तव्यावर टाकताना भाकरी मोडते. त्याच पिठाचा पाव केला तर तोही भुगाच होतो. दळून आठवड्याच्या आत वापरा. बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्याने ती लवकर कडवट होते, म्हणून पावासाठी आम्ही ती घेत नाही. तांदळाचं पीठ घ्याल ते मोदकाची पिठी असते तसं घ्या, म्हणजे तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून बारीक दळलेलं. कोरड्या तांदळाचं जाडसर पीठ केकमध्ये दाताखाली कचकच करतं आणि मग लोक दोष साखरेला देतात.

मुळातली युक्ती आपल्या घरात फार जुनी आहे. उकड काढल्याशिवाय मोदकाची पारी वळत नाही. तांदळाच्या भाकरीलाही उकळतं पाणी लागतं. गरम पाण्यात पिठातलं स्टार्च फुगतं, चिकट होतं आणि जाळी नसतानाही पीठ एकत्र धरून ठेवतं. पावाला इतका चिकटपणा पुरत नाही. त्याला ताणलं जाईल असं काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे इसबगोल.

(दृश्य: वाटीत पाणी. त्यात इसबगोल पडतं. चमचा फिरतो आहे.)

नीट पाहा. २० ग्रॅम इसबगोल, ३८० मिलिलिटर साधं पाणी. टाकताच हलवायला लागा, नाहीतर गुठळ्या होतात. अर्ध्या मिनिटात पाणी दाटतं. दोन मिनिटांत चमचा जड होतो. पाच मिनिटांनी वाटी तिरपी केली तर आतला गोळा अखंड सरकतो, बोटांत धरून ओढला तर लवचीक लांबतो. ग्लुटेनची जागा हाच घेणार आहे. पोटासाठी मिळणारं साधं, बिनसाखरेचं, बिनस्वादाचं इसबगोल घ्या. अख्ख्या भुशीऐवजी पावडर असेल तर १७ ग्रॅम पुरे, कारण पावडर जास्त पाणी धरते. आणि मोजमाप काट्यावरच करा. इसबगोलाचा एक चमचा कधी ३ ग्रॅम भरतो, कधी ५. एवढ्या फरकाने पाव बिघडतो.

दुसऱ्या भांड्यात ज्वारीचं पीठ १४० ग्रॅम, तांदळाची पिठी ९० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्याचा करतात ते) १०० ग्रॅम, साखर २० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम. टॅपिओका नसेल तर कॉर्नफ्लोअर चालेल, पाव थोडा कमी लवचीक होईल. साबुदाणा मिक्सरमधून काढून घालायचा मोह होतो. पण साबुदाणा करतानाच त्यातलं स्टार्च थोडं शिजलेलं असतं. तो जास्त पाणी ओढतो आणि पाव गच्च होतो. टाळाच.

कोरड्या मिश्रणात इसबगोलाचा गोळा, १५ ग्रॅम तेल आणि दोन चमचे व्हिनेगर घाला. इतका कमी वेळ आंबवलेल्या पिठाला जो आंबूसपणा येत नाही, तो व्हिनेगर देतं. हाताने चोळून, दाबून एकजीव करा. पाच-सहा मिनिटं लागतात. कोरडं पीठ कुठे राहता कामा नये. गोळा कणकेपेक्षा सैल, हाताला थोडा चिकटणारा हवा. घट्ट वाटला तर आणखी २० मिलिलिटर पाणी. इथे बहुतेकांचा हात आखडतो. पोळीच्या कणकेची सवय असते, म्हणून पीठ घट्ट ठेवतात, आणि पाव विटेसारखा निघतो. गव्हाच्या पावात १०० ग्रॅम पिठाला साधारण ६० ते ७० ग्रॅम पाणी लागतं. इथे ११५ लागतं.

ओल्या हाताने लांबट आकार द्या आणि तेल लावलेल्या आठ-नऊ इंची पावाच्या साच्यात ठेवा. वर ओला हात फिरवून पृष्ठभाग गुळगुळीत करा. भेगा आत्ताच बुजवा, त्या नंतर बुजत नाहीत. हा पाव एकदाच फुगवायचा. गव्हासारखं फुगवून, दाबून, पुन्हा फुगवायला गेलात तर गोळ्यात धरलेला वायू जातो आणि दुसऱ्यांदा तेवढा येत नाही. मुंबईच्या उकाड्यात ४०-४५ मिनिटं, पुण्याच्या डिसेंबरात सव्वा-दीड तास. घड्याळापेक्षा साच्याकडे पाहा. गोळा पावणेदोनपट झाला की लगेच ओव्हनमध्ये. पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसू लागली तर उशीर झाला समजा. असा पाव ओव्हनमध्ये आधी उठतो, मग मध्येच खचतो.

(दृश्य: ओटीजी. काचेतून पाव दिसतो.)

ओटीजी, म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन, २२० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं आधी तापवा, वरखाली दोन्ही कॉइल चालू. खालच्या जाळीवर उकळत्या पाण्याची वाटी ठेवा. वाफेमुळे कवच लगेच कडक होत नाही, पावाला उठायला सवड मिळते. वीस मिनिटांनी वाटी काढा, आच २०० वर आणा आणि आणखी ४० ते ४५ मिनिटं भाजा. एवढा वेळ ऐकून दचकू नका. या पिठात पाणी खूप असतं, ते बाहेर पडायलाच हवं. रंग लवकर गडद झाला तर वर फॉइल ठेवा, पण पाव बाहेर काढू नका. थर्मामीटर असेल तर पावाच्या मध्यात ९७-९८ अंश दिसले पाहिजेत. छोट्या ओटीजीची कळ दाखवते त्यापेक्षा आतली आच बऱ्याचदा कमी-जास्त असते. आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर विकत घ्या.

मग थांबायचं. साच्यातून काढून जाळीवर पूर्ण गार होऊ द्यायचा, अडीच-तीन तास. गरम पावात स्टार्च अजून सैल असतं, गार होताना ते बसतं. आधीच सुरी चालवली तर सुरीला लगदा चिकटतो, आणि पाव कच्चा राहिला असं वाटतं. गार होऊनही लगदाच लागला तर मात्र तो खरंच कमी भाजला गेला आहे. पुढच्या वेळी दहा मिनिटं वाढवा. कवचाखाली आडवी पोकळी दिसली तर फुगवणं जास्त झालं.

(दृश्य: नाचणीचं पीठ चाळलं जातं.)

केक सोपा आहे. मैद्याच्या केकमध्येही ग्लुटेन वाढू नये म्हणूनच फेटणं कमी ठेवतात, इथे ती भीतीच नाही. नाचणी १०० ग्रॅम, तांदळाची पिठी ५० ग्रॅम, कोको २५ ग्रॅम, चिमूटभर मीठ. दुसरीकडे घट्ट दही २०० ग्रॅम, दूध ८० मिलिलिटर, तेल ९० मिलिलिटर, गुळाची पावडर १५० ग्रॅम आणि एक छोटा चमचा इसबगोल फेटून घ्या. दोन्ही एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. नाचणी पाणी हळूहळू पिते. हा अर्धा तास वाचवला तर केक रवाळ आणि कोरडा होतो. दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा त्यानंतर घाला, आधी घातला तर त्यातला वायू वाट पाहण्यातच उडून जातो. बेकिंग पावडरच्या डब्यावर गव्हाचं स्टार्च नाही ना, तेही वाचा. सात इंची भांडं, १७० अंश, ३५ ते ४० मिनिटं.

नानकटाईला तर इसबगोलही नको. ज्वारी १००, बेसन ५०, तांदळाची पिठी ३०, पिठीसाखर ८०, तूप १०० ग्रॅम, वेलची. तूप थिजलेलं, रवाळ हवं. पातळ तुपाच्या नानकटाया ओव्हनमध्ये पसरून एकमेकींना चिकटतात. गोळे करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. गरम असताना उचलू नका, हातातच मोडतात.

(दृश्य: पाव कापला जातो. काप एकेक करून ठेवले जातात.)

ज्वारीचा पाव दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, आणि फ्रिजमध्ये आणखी लवकर, कारण त्या थंडाव्यात स्टार्च सगळ्यांत वेगाने कडक होतं. म्हणून त्याच दिवशी बोटभर जाडीचे काप करा, मध्ये बटर पेपर घाला आणि डब्यात भरून थेट फ्रीजरमध्ये टाका. सकाळी लागतील तेवढेच काढून न वितळवता टोस्टरमध्ये. शाळेच्या डब्यासाठी दोन्ही बाजूंनी शेका, आतल्या बाजूला कडेपर्यंत लोणी लावा, मगच हिरवी चटणी. लोण्यामुळे चटणीचं पाणी कापात मुरत नाही आणि मधल्या सुट्टीपर्यंत सँडविच हातात धरता येतं.