आवरायची घाई नको: फ्रॉस्टआधीच्या बागेविषयी

(न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळात ऑक्टोबरमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘घरच्या बागेत रंगांसाठी काय लावावं?’ त्यावर येतेच. पण आधी माझं एक जुनं म्हणणं ऐकून घ्या. जेवण यानंतर आहे, त्यामुळे तुम्ही कुठे जाणार नाही याची मला खात्री आहे. (हशा)

आपल्या मध्य जर्सीत पहिला फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरीपर्यंत कधीतरी पडतो. वर ससेक्सकडे त्याच्याही आधी, किनाऱ्याला बऱ्याचदा नोव्हेंबर उजाडतो. त्याआधीचे दोन-तीन आठवडे बाग जेवढी देखणी असते तेवढी मे महिन्यातसुद्धा नसते. आणि नेमके तेच दिवस आपण आवराआवरीत घालवतो! गवतावर पान पडलं रे पडलं की पानं उडवायचा ब्लोअर सुरू. दिवाळीच्या साफसफाईचं वळण, दुसरं काय. पानांचे रंग बघायला मात्र पार उत्तरेला व्हरमाँट राज्यात. चार कुटुंबं, ठेपल्यांचे डबे आणि सामोसे कुणी आणायचे यावर आठवडाभर व्हॉट्सॲप. जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण मागच्या दाराशी काय चाललंय ते निघण्याआधी एकदा बघा.

आता एक गैरसमज. फ्रॉस्ट पडला की पानं रंगतात, असं चांगली शिकलेली माणसं मला सांगतात. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंय, त्यामुळे मला गप्प बसवत नाही. दिवस लहान होऊ लागले की झाड पानांत नवं हरितद्रव्य तयार करणं थांबवतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरवा ओसरला की तो दिसू लागतो. लाल मात्र बहुतेक झाडांत त्याच वेळी नव्याने तयार होतो, पानात साठलेल्या साखरेतून. त्याला दिवसा लख्ख ऊन हवं आणि रात्री गारवा हवा, पण गोठणारी थंडी नको. पेशी गोठल्या की सगळं तिथेच संपतं, पान तपकिरी होऊन गळतं.

मुंबईत वाढलेल्यांनी शाळेच्या आवारातला देशी बदाम आठवावा. त्याची मोठाली पानं गळण्याआधी लालभडक व्हायची. तेव्हा ती बघायला कुणी हॉटेल बुक केलं होतं का? आणि निफाडकडचे कुणी आहेत इथे? आहेत. तुम्हाला फ्रॉस्टचं कौतुक शिकवायला नको. पारा उतरला की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवणारी माणसं तुम्ही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाशी दव गोठलं की पर्यटक फोटो काढतात. बागायतदाराला झोप लागत नाही.

बरं, आता आमच्या वसाहतीची गोष्ट. ऐकलेल्यांनी पुन्हा ऐकावी. आमच्या दाराशी ओकलीफ हायड्रेंजिया आहे, शेजारी ब्लूबेरीची झुडपं. ऑक्टोबरात हायड्रेंजियाची पानं गडद वाइनच्या रंगाची होतात, ब्लूबेरी तर पेटल्यासारखी लाल. अशाच एका ऑक्टोबरात वसाहतीच्या घरमालक असोसिएशनचं पत्र आलं, ‘आपल्या दर्शनी भागातली मृत झुडपं त्वरित काढावीत, अन्यथा दंड.’ सोबत पुरावा म्हणून फोटो. फोटो इतका सुरेख होता की मी तो चौकटीत बसवून भिंतीवर लावलाय. (हशा)

मी फांदी घेऊन सभेला गेले. नखाने साल खरवडून आतलं हिरवं दाखवलं. एका सभासदाने विचारलं, ‘पण जिवंत आहे तर लाल का आहे?’ झालं! मी सुरू केलं. साखर, सूर्यप्रकाश, सगळं. आता तुमच्यातले मागच्या रांगेतले बघताहेत तशीच तेही घड्याळं बघत होते. शेवटी मुदतवाढ मिळाली, ‘ऋतू संपेपर्यंत’. मी जिंकून घरी आले. पण ही मुदतवाढ बाग कापणाऱ्या माणसांपर्यंत पोचलीच नाही. त्यांनी येऊन सगळ्या झुडपांचे छान गोल गोळे करून टाकले. ही दोन्ही झाडं पुढच्या वर्षीच्या कळ्या थंडीआधीच फांद्यांच्या टोकाला धरतात. त्यामुळे रंग तर गेलाच, पुढच्या वर्षी ना फुलं, ना फळं. आमचे हे म्हणाले, ‘दंड भरला असता तर स्वस्तात सुटलो असतो.’

आणि वसाहतीच्या गेटाशी काय आहे? बर्निंग बुश या परदेशी झुडपाची रांग. ते लाल झालेलं चालतं! पक्षी त्याची फळं खातात, बिया रानात नेऊन टाकतात आणि तिथल्या मूळच्या झुडपांना जागा उरत नाही. ते कुणाला मृत वाटत नाही आणि माझी ब्लूबेरी...

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. पाच मिनिटं. बरं, पटापट.

जागा थोडी असेल तर ब्लूबेरीच लावा. ती इथलीच आहे. आपल्याच राज्यातल्या व्हाइट्सबॉगच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी पाइनलँड्स या दक्षिण जर्सीतल्या रानपट्ट्यातल्या लोकांना रानातली सर्वांत टपोऱ्या फळांची झुडपं शोधायला लावलं, फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर त्यांचा संकर केला आणि १९१६ साली लागवडीतलं पहिलं पीक बाजारात गेलं. त्या रानातल्या शोधातली ‘रुबेल’ ही जात आजही मिळते. माती आम्लधर्मी हवी, एवढंच. ओलसर जागी ईटिया, म्हणजे व्हर्जिनिया स्वीटस्पायर. मोठं झाड हवं तर ब्लॅक गम. पिवळ्यासाठी ॲम्सोनिया, आणि तिच्याजवळ जांभळा एस्टर. कुठे लावायचं? तुम्ही संध्याकाळचा चहा जिथे घेता तिथून पश्चिमेला. ऑक्टोबरातलं उतरतं ऊन पानांच्या मागून आलं की खरा रंग कळतो.

हवामानाच्या अंदाजात छत्तीस फॅरेनहाइट म्हटलं तरी गाफील राहू नका. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगत त्याहून जास्त गार होतं, खोलगट जागी आधी. संध्याकाळीच जुनी चादर पार जमिनीपर्यंत टाका, सकाळी काढा. अळू एका रात्रीत काळं पडतं, म्हणून पानं आदल्या दिवशी काढून वड्या करा. झेंडू दसऱ्याला बहुधा मिळतो, दिवाळीचं सांगता येत नाही. आणि तुळस! तिचं लग्न कार्तिकात, तेव्हा इथे बहुतेक वेळा फ्रॉस्ट येऊन गेलेला असतो. रात्री पन्नासच्या खाली जायला लागल्या की नवरीला घरात घ्या.

गळलेली पानं पिशव्यांत भरू नका, झुडपांच्या बुडाशी पसरा. कढीपत्त्यावरचे प्रश्न आज घेणार नाही, त्याला वेगळं व्याख्यान लागेल. मुलांनो, या स्टेजवर, मी उतरते.