मोरचूद पांढरं पडतं तेव्हा

[दृश्य: निफाड तालुका. द्राक्षबागेच्या बांधावर निळं पिंप, काठीने ढवळणं.]

छाटणीनंतरही पाऊस रेंगाळला की नाशिकच्या बागायतदाराला धास्ती डाऊनी या रोगाची. मग बोर्डो मिश्रणाची फवारणी निघते. १०० लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि किलोभर चुना. लोखंडी सुरी बुडवून बघायची. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. सुरीवरचा प्रकार निराळा, त्यात आज शिरत नाही. आपल्याला हवाय तो पिंपात पडण्याआधीचा निळा खडा. आम्ल कशाला म्हणायचं, ते तो दाखवतो.

[दृश्य: ज्युनिअर कॉलेजची प्रयोगशाळा. बर्नरवर पोर्सेलिनची बशी. अगदी जवळून.]

बघत राहा. कडेकडेने निळा रंग उडतोय. मोरचुदात तांब्याच्या प्रत्येक आयनामागे, म्हणजे प्रभार असलेल्या अणूमागे, पाण्याचे पाच रेणू. चार थेट तांब्याला धरून, पाचवा सल्फेटच्या आधाराने. आच लागली, पाणी गेलं, पांढरी पूड उरली. फार तापवलं तर तीच काळी पडते, म्हणून सर आच मंद ठेवतात.

बशी निवली. आता ड्रॉपर. एक थेंब.

[तीन सेकंद निवेदन नाही.]

निळा परत आला, पूडही गरम झाली. पाण्यातल्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनच्या दोन जोड्या मोकळ्या असतात. त्यातली एक त्याने तांब्याच्या आयनाला दिली. जोडी देणारा तो लुईस आम्लारी, घेणारा तो लुईस आम्ल. लिटमस लागला नाही, हायड्रोजनची देवघेव झाली नाही. रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी ही व्याख्या १९२३ साली मांडली. प्रोटॉनवाली व्याख्या, म्हणजे हायड्रोजनचा आयन देतो तो आम्ल, ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांची, त्याच वर्षीची. मुलांच्या डोक्यात ती आधी बसते आणि आम्ल म्हटलं की सगळे हायड्रोजन शोधायला लागतात.

[दृश्य: फळा. एक विद्यार्थिनी आकृती काढतेय.]

बोरॉन ट्रायफ्लोराइड. हायड्रोजन औषधालाही नाही. पण बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन, दोघांची जागा रिकामी. आम्ल. शेजारी अमोनिया: नायट्रोजनचे पाच, तीन बंधांत गेले, दोन शिल्लक. आम्लारी. मग ती अमोनियम आयन काढते. धन प्रभार दिसताच मागच्या बाकावरून आवाज येतो, "आम्ल!" प्रोटॉनच्या हिशेबात बरोबर. लुईसच्या हिशेबात मात्र नायट्रोजनची जोडी आधीच दिली गेलीय आणि नवी घ्यायला जागा नाही. प्रभार बघून उत्तर ठोकायचं नाही. आकृती काढायची, जोड्या मोजायच्या.

[दृश्य: परीक्षानळी, मागे पांढरा कागद.]

मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया. आधी फिकट निळा साका. आणखी थोडा अमोनिया, नळी हलवा... साका विरघळला, रंग शाईसारखा गर्द. तांब्याजवळच्या पाण्याला अमोनियाने हटवलं. आम्ल तेच, आम्लारी बदलला.

बारावीला प्रॅक्टिकलचे ३० गुण असतात, तरी क्लासच्या धावपळीत हा रंग कित्येकांनी पुस्तकातच वाचलेला असतो.

[दृश्य: कृषी सेवा केंद्र. कपाटात पुडे.]

'चिलेटेड झिंक'. यात झिंकचा आयन आम्ल. ईडीटीए नावाचा मोठा रेणू आम्लारी, आणि तो एकटाच सहा जोड्या देतो: दोन नायट्रोजनच्या, चार ऑक्सिजनच्या. चुनखडीच्या जमिनीत साधं झिंक सल्फेट लवकर अडकून बसतं. या सहा जोड्यांत धरलेलं झिंक मुळांना जास्त काळ मिळत राहतं.