घरमालकाला लिहिलेलं पत्र

नमस्कार श्रोतेहो.

2022 चा जानेवारी. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरो नावाचं गाव आहे. इंटेलचे मोठे कारखाने तिथे आहेत, म्हणून दुकानात रांगेत उभं राहिलं तरी मराठी कानावर पडतं. माझी लेक आणि जावई तिथे घर शोधत होते आणि मी नुकतीच नाशिकहून पोचले होते.

तिकडे घर विकणारा आणि घेणारा सहसा समोरासमोर येतच नाहीत. विकणाऱ्याचा एक एजंट, घेणाऱ्याचा दुसरा, आणि बोलणं त्या दोघांच्या कागदांतून. एकाच घरासाठी पाच-सात जणांनी किंमत लिहून द्यायची आणि मालकाने त्यातली एक निवडायची. पैसे सगळ्यांचे सारखेच असले की मालकाचं मन कशाने वळेल? म्हणून किमतीच्या कागदासोबत घरमालकाला एक पत्र जोडायची रीत तिथे पडली. आम्ही कोण, तुमचं घर आम्हाला का आवडलं, इथे आमची मुलं कशी वाढतील, असं सगळं त्यात लिहायचं. सोबत घरातल्यांचा हसरा फोटो. या पत्रांना तिथे चक्क 'लव्ह लेटर' म्हणतात.

लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पत्र लिहायला बसली, तेव्हा मीच तिला भरीला घालत होते. लिही ना, दिवाळीला त्या पडवीत आकाशकंदील लावू म्हणून. लिही की आजी येईल, अंगणात तुळस लावेल. मला वाटत होतं, कोणत्याही बाईमाणसाचं मन याने विरघळेल.

दुसऱ्या दिवशी लेक-जावयाच्या एजंट बाईंनी पत्र घ्यायलाच नकार दिला. ओरेगनने 2021 मध्ये कायदा केला होता आणि तो त्याच 1 जानेवारीपासून लागू झाला होता. व्यवहाराच्या नेहमीच्या कागदांखेरीज घेणाऱ्याकडून पत्र, फोटो, काहीही आलं तरी विकणाऱ्याच्या एजंटने ते नाकारायचं. असा कायदा करणारं अमेरिकेतलं ते पहिलं राज्य.

मला रागच आला. पत्रात कसला आलाय गुन्हा? लेकीने मग मला एक उदाहरण वाचून दाखवलं. ते तिथल्या घरव्यवहारातल्या लोकांच्या राष्ट्रीय संघटनेनेच आपल्या सभासदांना सावध करताना दिलं होतं. घेणारा लिहितो, "नाताळच्या सकाळी आमची मुलं या जिन्यावरून धावत खाली येताना मला दिसताहेत." किती गोड वाक्य! पण त्यातून मालकाला कळतं की हे ख्रिस्ती आहेत आणि यांना मुलं आहेत. आणि 1968 च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून कुणाला घर नाकारता येत नाही. पुढे या यादीत स्त्री की पुरुष हा मुद्दा आला, 1988 मध्ये अपंगत्व आणि घरात मुलं असणं हेही आलं. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर अवघ्या आठवड्याभरात त्या कायद्यावर सही झाली होती.

माझ्या आकाशकंदिलाचं आणि तुळशीचं काय झालं असतं, ते मला तेव्हा कळलं. एखाद्या मालकाला ते आवडलं असतं, एखाद्याने तेवढ्यावरूनच आमचा कागद बाजूला सारला असता. आणि आम्हाला कधी समजलंही नसतं.

ओरेगनला याची जास्त जाण असायला कारणही तसंच आहे. 1859 मध्ये हे राज्य संघात आलं तेव्हा त्याच्या घटनेत लिहिलेलं होतं की बाहेरच्या काळ्या माणसाने इथे येऊन राहायचं नाही आणि जमीनजुमलाही घ्यायचा नाही. ते कलम 1926 पर्यंत घटनेत होतं. 1919 मध्ये पोर्टलंडच्या घरदलालांच्या मंडळाने ठरवलं की गोऱ्यांच्या वस्तीत काळ्या किंवा चिनी माणसाला घर विकणं हे धंद्याच्या नीतीला सोडून आहे. नीती हा शब्द त्यांनी कशासाठी वापरला, पाहा!

यात आपलीही माणसं आहेत. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, पुढचे नामवंत कृषिशास्त्रज्ञ, याच राज्यात कोर्व्हॅलिसच्या महाविद्यालयात शेतीशास्त्र शिकत होते. लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांबरोबर त्यांनी स्वातंत्र्याचं काम केलं. 1913 मध्ये इंग्रजांविरुद्धची गदर चळवळ उभी राहिली ती ओरेगनमधल्या अस्टोरिया गावच्या सभेतून. आणि 1923 मध्ये काय झालं? अमेरिकेचं नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हिंदुस्थानी माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. त्याच वर्षी ओरेगनने कायदा केला, जो नागरिक होऊ शकत नाही त्याने इथे जमीन घ्यायची नाही. नागरिकत्वाची वाट 1946 मध्ये मोकळी झाली. म्हणजे माझी लेक जिथे घर शोधत होती, तिथे शंभर वर्षांपूर्वी तिने कितीही सुंदर पत्र लिहिलं असतं, तरी उपयोग नव्हता.

श्रोतेहो, इथपर्यंत मी अमेरिकेबद्दल बोलले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती नाशिकच्या आमच्या जुन्या फ्लॅटमुळे.

तो आम्ही विकायला काढला तेव्हा दोन गिऱ्हाइकं शेवटपर्यंत टिकली. एक शाळामास्तर होते. किंमत ठरली होती, विसार द्यायला ते पैसे घेऊन आले होते. दुसरं नुकतं लग्न झालेलं जोडपं. त्या मुलीने मला रेघांच्या कागदावर दोन पानी पत्र लिहिलं होतं. काकू, तुमच्या देवघराचा कोनाडा आम्ही तसाच ठेवू, असं त्यात होतं. मी विरघळले. मास्तरांना आम्ही सांगितलं, शब्द आधीच दिला गेलाय. तसा तो दिला गेलेला नव्हता. दोघांचे पैसे सारखे, आणि मास्तर आधी आलेले. त्या पत्राने मला एवढंच सांगितलं होतं की ही मुलं आमच्यातली आहेत. मास्तरांचं आडनाव ऐकून मी काय ठरवलं होतं, ते मी कोणाजवळ बोलले नाही. आज बोलते आहे. नव्या गावात भाड्याची खोली शोधताना "आडनाव काय, मासे खाता का" हे प्रश्न मी स्वतः दारात उभी राहून ऐकले होते, तरीही मी हे केलं.

ओरेगनचा तो कायदा फार टिकला नाही. मार्चमध्ये संघराज्याच्या न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. हेतू चांगला आहे, पण भेदभाव थांबवताना कायदा निरुपद्रवी बोलणंही बंद करतो, आणि बोलण्याचं स्वातंत्र्य घटनेने दिलंय, असं न्यायाधीशांचं म्हणणं. पुढे राज्याने कायदा राबवण्याचा आग्रह सोडला. मला न्यायाधीशांचं पटतं. खिडकीतून येणाऱ्या उन्हाबद्दल कोणी चार ओळी लिहिल्या, तर त्या का परत कराव्यात? म्हणून घर घेणाऱ्या मुलांना माझं सांगणं असं, की लिहायचंच असेल तर घराबद्दल लिहा. ओट्याबद्दल, झाडाबद्दल, बँकेचं कर्ज मंजूर आहे याबद्दल. आपला देव, आपला सण, आपली लेकरं, आपला फोटो त्यात नको. आणि घर विकत असाल तर किंमत नि अटी आधी वाचा, पत्र सही झाल्यावर उघडा.

एप्रिलमध्ये लेकीला घर मिळालं. आता पत्रावर बंदी नव्हती, तरी तिने दिलं नाही. किल्ल्या हातात आल्यावर मात्र तिने जुन्या मालकांना पत्र लिहिलं, एजंट बाईंमार्फत पाठवलं. त्यात परसातल्या पेअरच्या झाडाबद्दल विचारलं होतं, आणि खाली मी आग्रहाने तुळशीची एक ओळ घालायला लावली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. थरथरत्या अक्षरात, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. छाटणी फेब्रुवारीत करा, पालवी फुटायच्या आधी. फळं कडक असतानाच उतरवा, पेअर घरात पिकतो. उत्तरेकडच्या नळाला थंडीत कापड गुंडाळा. आणि तळाशी विचारलं होतं, ते तुळशीचं रोप थंडीत आत ठेवता का बाहेर?

नमस्कार.