डोळ्यासाठी घेतलेला शेक

श्रोतेहो, नमस्कार. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार होऊन पाच-सहा वर्षं झालेली बाई कधी कधी नुसता चष्मा बदलायला म्हणून जाते. एका डोळ्याने धूसर दिसतंय, दाराची चौकट वाकडी भासते, मधूनच काही चमकून जातं. घरचे म्हणतात, मोतीबिंदू असेल. असतोही पुष्कळदा. पण स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी रक्तातून डोळ्यापर्यंत जाऊ शकतात, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या मागे रक्तवाहिन्यांचा दाट थर असतो, कोरॉइड. पेशी बहुधा तिथे रुजतात. मग पडद्याखाली पाणी साठतं आणि पडदा उचलला जातो. कधी या पेशी डोळ्याच्या खोबणीत वाढतात. तेव्हा डोळा पुढे येतो, एकाच्या जागी दोन दिसतात. काही बायकांत मात्र गाठीचे तंतू आक्रसून डोळा आत ओढला जातो, आणि घरच्यांना वाटतं, अशक्तपणाने खोल गेला.

अशा वेळी आम्ही रेडिएशन देतो, ज्याला लोक शेक किंवा लाईट म्हणतात. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क बनवतात, म्हणजे डोकं हलत नाही. बऱ्याचदा पाच दिवसांत 20 ग्रे किंवा दहा वेळा मिळून 30 ग्रे; ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप. मशीन चालू असताना काहीही दुखत नाही. नंतर डोळा लाल होतो, कोरडा पडतो, पुढे मोतीबिंदूही होऊ शकतो. म्हणून शक्य तिथे किरणांची दिशा भिंगाला चुकवून ठरवतात.

या उपचाराला पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करणारा, म्हणतात. हा शब्द ऐकून नातेवाइकांचे चेहरे उतरतात, ते मी रोज पाहते. आजार यातून मुळासकट जात नाही, हे खरं आहे. पण दुखणं कमी होतं, अनेकींची नजर टिकते, काहींची सुधारतेही. गोळ्या, केमो, जे बाकी शरीरासाठी चालू आहे, ते डॉक्टर त्याच्या जोडीने ठरवतात. पडदा फार दिवस उचललेला राहिला तर मात्र नजर परत मिळवणं अवघड होतं. माझी सगळी तळमळ त्या वाया गेलेल्या दिवसांसाठी आहे.

तेव्हा बहिणींनो, अधूनमधून एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघा, मग दुसरा झाकून. फरक वाटला तर चष्म्याच्या दुकानाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि कॅन्सरची जुनी फाईल पिशवीत घ्यायला विसरू नका.