कार्ल जॅक्सनची नजर

(दृश्य : अमेरिकेतला ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लब, अठराव्या होलचा चढ. दोन माणसं ग्रीनकडे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या पट्ट्याकडे, येत आहेत.)

9 एप्रिल 1995, रविवार. गोल्फच्या मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस, शेवटचा होल. पुढे चालतोय तो टेक्ससचा बेन क्रेनशॉ, वय 43. कॅमेरा त्याच्यावर आहे. पण जरा मागे बघा. खांद्यावर जड बॅग, डोक्यावर हिरवी टोपी, अंगात पांढरा जंपसूट. साडेसहा फुटांच्या आसपास उंची. हा कार्ल जॅक्सन, क्रेनशॉचा कॅडी, म्हणजे त्याची बॅग वाहणारा आणि त्याला सल्ला देणारा. मास्टर्समध्ये प्रत्येक कॅडीला हा पांढरा पोशाख घालावाच लागतो. पाठीवर नाव असतं ते खेळाडूचं. कॅडीचं नाव त्या कपड्यावर कुठेच नसतं.

ही गोष्ट त्याची आहे.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. पांढऱ्या पोशाखातल्या कॅडींची रांग.)

कार्ल ऑगस्टा गावातच वाढला. 1961 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याने पहिल्यांदा मास्टर्समध्ये बॅग उचलली. त्या काळी इथे बाहेरचा कॅडी चालत नसे. जगातला कितीही मोठा खेळाडू असो, त्याला क्लबचाच कॅडी घ्यावा लागे. आणि क्लबचे कॅडी म्हणजे गावातले कृष्णवर्णीय लोक. सभासद मात्र सगळे गोरे. क्लबने पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला तो थेट 1990 मध्ये.

या कॅडींना काय येत होतं, ते समजून घ्यायला हवं.

(दृश्य : ग्रीनचा जमिनीलगतचा शॉट. चेंडू आधी सरळ जातो, मग वळतो.)

हा पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, बघा. चेंडू निघाला तेव्हा होलच्या बराच उजवीकडे चालला होता. निम्म्या वाटेवर वेग कमी झाला आणि मग तो डावीकडे ओढला गेला. टीव्हीवर ही ग्रीन्स सपाट वाटतात, पण तशी ती अजिबात नाहीत. बारीक कापलेलं गवत, खाली दडलेले चढउतार, आणि मैदानाच्या सखल कोपऱ्यात वाहणारा रेज क्रीक हा ओढा. चेंडू त्या ओढ्याकडे झुकतो असं इथले जुने कॅडी सांगत. समोर चढ दिसत असला, तरी. डोळ्यांवर विश्वास ठेवलात तर फसलात.

आज ग्रीनचे उतार मोजणारी यंत्रं आहेत, छापील नकाशे आहेत. तेव्हा नकाशा कॅडीच्या डोक्यात असे. पहाटेचं दव असताना चेंडू किती घसरतो, दुपारच्या उन्हात ग्रीन किती कडक होतं, रविवारी झेंडा कोणत्या कोपऱ्यात लावतात, सगळं वर्षानुवर्षं पायी फिरून साठवलेलं. माझ्या मते गोल्फमधली ही खरी विद्या होती, आणि तिची नोंद फार थोड्यांनी घेतली.

1983 पासून नियम बदलला. खेळाडूंना आपापले कॅडी आणायची परवानगी मिळाली आणि गावातल्या बहुतेकांचं मास्टर्सचं काम गेलं.

(दृश्य : 1984. क्रेनशॉ विजेत्याच्या हिरव्या जाकिटात.)

क्रेनशॉने मात्र माणूस बदलला नाही. 1976 पासून कार्ल त्याच्यासोबत होता. त्या पहिल्याच वर्षी क्रेनशॉ दुसरा आला. 1984 मध्ये, कुणालाही आणायची मोकळीक असताना, त्याने कार्ललाच घेतलं आणि जिंकला.

(दृश्य : सराव मैदान. चेंडू, बूट, खांदे. जवळचे शॉट.)

आता 1995. स्पर्धेच्या आठवड्यात क्रेनशॉचा खेळ हरवला होता. त्यात रविवारी, 2 एप्रिलला, ऑस्टिनमध्ये हार्वी पेनिक गेले. ते 90 वर्षांचे होते. क्रेनशॉला लहानपणापासून गोल्फ शिकवला तो त्यांनीच. बुधवारी क्रेनशॉ आणि पेनिक यांचाच दुसरा शिष्य टॉम काइट विमानाने ऑस्टिनला गेले, गुरूच्या शवपेटीला खांदा दिला आणि त्याच दिवशी परतले. गुरुवारी स्पर्धा सुरू.

त्याआधी सरावात कार्लने दोन गोष्टी सांगितल्या. चेंडू उभं राहताना किंचित मागे घे. आणि खांदे आवळून फिरव.

ऐकायला एवढंसं. पण हे बूट बघा. चेंडू पुढच्या पायाकडे सरकला की काठी त्याच्यापर्यंत पोचेतो वळण संपत आलेलं असतं. मग हात मध्ये पडतात, चेंडू कधी इकडे जातो, कधी तिकडे. चेंडू थोडा मागे आला की फटका वेळेवर लागतो. आणि खांदे सैल फिरले की अंग काठीच्या मागे राहतं, आवळून फिरले की दोन्ही एकत्र येतात. कार्ल काही प्रशिक्षक नव्हता. वीस वर्षं एकाच माणसाचा फटका मागून बघत आला होता. बिघाड कुठे आहे, ते त्याला दिसलं. मोजके चेंडू मारले आणि क्रेनशॉच्या फटक्याचा आवाजच बदलला.

चार दिवसांच्या फटक्यांचे आकडे : 70, 67, 69, 68. संपूर्ण स्पर्धेत, 72 होलमध्ये, एकाही ग्रीनवर त्याला तीन पट लागले नाहीत. ऑगस्टाच्या ग्रीनवर हे काय काम आहे, ते वर दाखवलंच.

(दृश्य : सोळावा होल, तळं. मग सतरावा. दोघं ग्रीनवर वाकून बघताहेत.)

प्रतिस्पर्धी डेव्हिस लव्ह क्रेनशॉच्या आधी खेळून, 66 फटक्यांत दिवस संपवून थांबला होता. सोळाव्यावर क्रेनशॉची बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी. सतराव्यावर पुन्हा बर्डी. अठराव्यावर बोगी, म्हणजे एक फटका जास्त, चालणार होती. शेवटचा पट हातभर अंतराचा.

(दृश्य : पट पडतो. क्रेनशॉ कमरेत वाकतो, चेहरा दोन्ही हातांत. कार्ल जवळ येतो. निवेदन नाही, फक्त गर्दीचा आवाज.)

एका फटक्याने विजय. क्रेनशॉ नंतर म्हणाला की या आठवड्यात माझ्या बॅगेत पंधरावी काठी होती, ती म्हणजे हार्वी पेनिक. नियमाने चौदाच काठ्या चालतात. ते वाक्य खूप गाजलं, आणि गाजावं असंच आहे. पण ती बॅग ज्याच्या खांद्यावर होती त्याचंही नाव त्याच दमात घ्यायला हवं.

(दृश्य : 1996. तेरावा होल. निक फाल्डो आणि पांढऱ्या जंपसूटमधली एक स्त्री.)

नव्वदीतली दुसरी जोडी बघा. इंग्लंडचा निक फाल्डो आणि स्वीडनची फॅनी सुनेसन. 1990 मध्ये फाल्डो मास्टर्स जिंकला तेव्हा बॅग तिच्याकडे होती. मोठ्या स्पर्धेत विजेत्याची बॅग एका स्त्रीने वाहण्याची ती पहिलीच वेळ. 1996 च्या शेवटच्या दिवशी ग्रेग नॉर्मनकडे सहा फटक्यांची आघाडी होती, फाल्डो पाच फटक्यांनी जिंकला. या तेराव्या होलवर ओढ्यापलीकडे मारायचं आहे. फाल्डो आधी पाच नंबरची वूड ही काठी काढतो. उतारावर तिचा तळ नीट बसत नाही. परत ठेवतो. दोघांचं बोलणं चालू आहे. मग दोन नंबरची आयर्न ही काठी. चेंडू ग्रीनवर. नॉर्मनच्या पडझडीचं चित्रण सगळ्यांनी पाहिलंय. मला हा मिनिटभराचा विचार जास्त मोलाचा वाटतो.

आपल्याकडेही नव्वदीच्या सुरुवातीला अली शेरने इंडियन ओपन जिंकली, 1991 मध्ये. तो कॅडीचं काम करतच खेळ शिकला होता.

(दृश्य : 1997. टायगर वुड्स लाल शर्टात. क्लबहाउसबाहेर उभे कर्मचारी.)

1995 च्या त्याच मास्टर्समध्ये एकोणीस वर्षांचा एक हौशी खेळाडू पहिल्यांदा आला होता : टायगर वुड्स. दोन वर्षांनी तो बारा फटक्यांनी जिंकला, आणि क्लबचे कृष्णवर्णीय कर्मचारी काम सोडून बघायला बाहेर आले. त्यानंतर गोल्फमध्ये पैसा आला, प्रेक्षक आले, मैदानं लांब झाली.

कार्ल क्रेनशॉसोबत राहिला. 2000 मध्ये आजारपणामुळे एक मास्टर्स चुकली, 2014 पर्यंत बाकी नाही. 2015 ही क्रेनशॉची शेवटची स्पर्धा. बरगड्यांच्या दुखापतीमुळे कार्लला बॅग उचलता आली नाही, म्हणून त्याचा भाऊ बड याने ती उचलली. 1976 पासून दोघं मास्टर्समध्ये एकत्र होते, आणि क्रेनशॉच्या त्या दोन्ही हिरव्या जाकिटांच्या वेळी बॅग कार्लच्या खांद्यावर होती.