‘ताई, जवळ काय आहे?’

(दृश्य: पूर्व भागातली गल्ली, चालू माग)

सोलापूरच्या पूर्व भागात शेजाऱ्याशी बोलायचं तर तोंड कानाशी न्यावं लागतं. मागांची खटखट भिंतीतून येते, जेवतानाही आणि झोपतानाही. एका रात्री याच खटखटीत इथल्या एका बाईंनी फोन लावला. शेजारच्या कारखान्यात दोघांची जुंपली होती, एकाचं डोकं फुटलं होतं.

एक. एक. दोन.

(दृश्य: मोबाइलवरचा अंगठा)

११२ म्हणजे अडीनडीला तातडीची मदत बोलावण्याचा नंबर. फोन कुलूपबंद असला तरी तो लागतो. स्मार्टफोनचं पॉवरचं बटण भराभर तीनदा दाबलं, किंवा साध्या फोनवर ५ नाहीतर ९ दाबून धरला, तरी हाक पोहोचावी अशी सोय या यंत्रणेत आहे. घंटा मात्र सोलापुरात वाजत नाही. ती वाजते नवी मुंबईत, महाप्याला. तिथल्या लाइन गुंतल्या असल्या तर नागपूरला.

म्हणजे पहिलं ‘हॅलो’ म्हणणाऱ्याने कदाचित सोलापूरचा कन्ना चौक कधी पाहिलेलाही नसतो. काय झालं, हे बाई एका दमात सांगतात. कुठे, इथे गाडं अडतं. ‘मारुतीच्या देवळामागं, बोळात, टॉवेलवाल्याच्या शेजारी.’ सोलापूरकर एवढ्यावर डोळे मिटून जाईल. पण मारुतीची देवळं राज्यात किती!

मोबाइलवरून ठिकाणाचा अंदाज स्क्रीनवर येतो खरा, पण दाट वस्तीत तो या गल्लीचा की त्या, हे माणसालाच विचारावं लागतं. ‘ताई, जवळ काय आहे? शाळा? दवाखाना? दुकानाची पाटी वाचता का?’ बाईंच्या घरात तेलुगू, बाजारात मराठी. घाबरल्यावर तोंडात घरचीच भाषा येते. इथे एका गल्लीत तेलुगू, पुढच्या गल्लीत कन्नड आणि चौकात ‘का बे’. तेव्हा फोन उचलणाऱ्यांत या भाषा जाणणारं कुणी हमखास हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: पोलिसांच्या गाडीतला टॅब)

नोंद झाली की ती सोलापूरच्या नियंत्रण कक्षात उतरते. शहराचा कक्ष वेगळा, ग्रामीणचा वेगळा. जवळची गाडी कोणती हे पाहून डिस्पॅचर ती पाठवतो. गाडीतला टॅब वाजतो. हवालदार हातातला चहाचा कप बॉनेटवर ठेवतात, चष्मा वर सरकवतात, नोंद स्वीकारतात. पोहोचल्यावर पुन्हा बोट लावायचं. म्हणजे किती वेळ लागला, हे लपत नाही.

जखमी माणूस असेल तर निरोप १०८ कडेही जातो. २०१४ साली ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झालेल्या या सेवेचा फोन पुण्यात उचलला जातो. म्हणजे बोळ सोलापूरचा, आणि त्याचा पत्ता समजून घेणारी माणसं महाप्याला नि पुण्याला.

त्या रात्री पोलीस आले, रुग्णवाहिकाही आली. जखमीला सिव्हिलला नेलं, टाके पडले. तो आता कामावर आहे.

(दृश्य: बाईंच्या घराची भिंत, क्लोजअप)

बाईंच्या मुलाने स्विचबोर्डच्या वर ऑइलपेंटने पत्ता लिहून ठेवलाय. घर नंबर, पेठ, चौक, जवळची शाळा. वर मराठीत, खाली तेलुगूत. रंग थोडा ओघळलाय. शेवटचा आकडा तेवढा त्याने दोनदा गिरवलाय.

(मागांचा आवाज वाढतो)